कडेवर

विजेत्याचं नाव पदकाच्या कडेवर असतं,
हे पुष्कळांना माहीत नसतं.
पुढे संस्थापकाची दाढी, मागे ऑलिव्हची डहाळी,
ते साच्यातून निघतं, दरवर्षी तसंच.
माझ्या वाट्याला येते फक्त कड,
जेमतेम पाच मिलिमीटर जाड,
आणि टाइप केलेला एक कागद
ज्यावर दोघांच्या सह्या असतात,
स्पेलिंग तपासल्याच्या.
माणूस तपासल्याची सही नसते. ते माझं काम नाही,
आणि कोणाचं आहे, मी विचारलं नाही.

ट्रॉन्डहाइमला, निद नदीच्या कडेला, लाकडी घरात
एकतीस वर्षं मी हे करतो.
आधी पितळेच्या कडीवर कोरून बघतो, मग सोन्यावर.
सोनं राजधानीला जातं. पितळ माझ्या खणात राहतं.
खण ओढला की सगळे एकमेकांवर आपटतात:
ज्याने तहावर सही केली आणि तिसऱ्या वर्षी रणगाडे काढले,
ज्याच्या शोधामागची वही एका मुलीची होती
आणि ती मुलगी समारंभाला कोट सांभाळायला होती म्हणतात,
तुरुंगात असल्यामुळे जो आलाच नाही,
आणि बाकी सज्जन, ज्यांची नावं मलाही आठवत नाहीत.
आवाज सगळ्यांचा सारखाच. पितळेचा.

त्या वर्षीचं नाव एकोणीस अक्षरांचं होतं.
नोव्हेंबर, तीन वाजताच अंधार.
कोपऱ्यावरच्या बेकरीतली ती बाई आली,
एका हातात पाव, कडेवर पोर.
ती कुठली, ते मला माहीत होतं. तिने देशाचं नाव कधी घेतलं नव्हतं,
एकदा फक्त नदीचं घेतलं होतं, आमच्या नदीकडे बघत.
म्हणाली, दाखवा.
दिवा खाली ओढला. भिंग दिलं.
तिने पितळेची कडी फिरवत फिरवत
नाव वाचलं, एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं.
मग म्हणाली,
आमच्या भाषेत याला अर्थ आहे.
पाणी पाजणारा.

मी हसणार होतो. बरं झालं, हसलो नाही.
कारण मग तिने विहिरीचं सांगितलं,
त्याच्या माणसांनी विहिरीत काय टाकलं,
आणि किती दिवस वरून हाका येत होत्या की खालून,
ते तिला आता नीट आठवत नाही.
पोराने कडी ओढून तोंडात घातली.
तिने काढली, पदराशी, नव्हे, ॲप्रनला पुसली,
आणि टेबलावर ठेवली. पावाचे पैसे घेतले नाहीत.

शुक्रवारी मी पदक पाठवलं. एकोणीसच्या एकोणीस अक्षरं, स्वच्छ.
मी नसतं कोरलं तर दुसऱ्याने कोरलं असतं,
असं म्हणायची सोय आहे. मी ती वापरली.
सोन्याची म्हणून सुरी कोणी उरात मारून घेत नाही,
पण बनवणाऱ्याला त्या म्हणीत जागा कुठे?

पुढच्या वसंतात वर्तमानपत्रं पेटली.
खाणकामगारांच्या संघटनेने पत्रक काढलं, दोन प्राध्यापकांनी राजीनामे दिले.
एका सकाळी समितीच्या टोरबियोर्गबाईंचा फोन,
आवाज असा, की खोलीत आणखी कोणी ऐकतंय.
समजा, म्हणाल्या, निव्वळ समजा हं,
नाव काढायचं झालं तर निघतं का?
पुसता येत नाही, म्हटलं. तासता येतं.
तेवढं सोनं जातं.
किती?

कोरताना निघालेला कीस मी तोलून परत पाठवतो,
त्याची वही आहे. पान काढलं, आकडा वाचला.
मिठाच्या चिमटीहून कमी.
एवढंच?
एवढंच.
त्यांनी बराच वेळ फोन ठेवला नाही.
मीही नाही.

नाव अजून तिथेच आहे. समितीने काही कळवलं नाही.
ती बाई गुरुवारी पाव आणते, कडीचं विचारत नाही.
पोर आता कडेवर मावत नाही,
दारातून आधी तेच येतं, चालत,
आणि थेट खणाकडे जातं.